गृहोपयोगी शास्त्रविचार : गाडी सुरू करणारी वीज

घरांतील ज्या वस्तु निमूटपणें आपलें काम करीत असतात, त्यांच्याकडे घरच्या माणसांचें लक्ष फार थोडें जातें. दाराची बिजागरी करकरूं लागली तर तिला तेल मिळतें. पंखा कुरकुरूं लागला तर तो खालीं उतरविला जातो. परंतु मोटारगाडीच्या पोटांत बसलेली बॅटरी आपलें दुखणें अखेरच्या दिवसापर्यंत कोणास सांगत नाहीं. सांगते तेव्हां वेळ बहुधा अडचणीची असते.

गेल्या पौषांत आमच्या घरीं असेंच झालें. पहांटे चारचा सुमार होता. आमचे थोरले बंधु, ज्यांस घरांत सर्वजण दादा म्हणतात व ज्यांचें वय चौऱ्याहत्तर आहे, ते अंथरुणावर उठून बसले व छातींत दाटून आलें आहे, श्वास पुरत नाहीं, असें म्हणूं लागले. शेजारच्या डॉक्टरांनीं तपासून सांगितलें, "वेळ न घालवितां संभाजीनगरास न्या." सिल्लोडाहून छत्रपति संभाजीनगर सुमारें पासष्ट किलोमीटर. रुग्णवाहिका त्या वेळीं दुसऱ्या रुग्णास घेऊन गेलेली होती. दादांस आम्हीं घरच्या डिझेलच्या जीपमध्यें बसविलें, पुतण्यानें किल्ली फिरविली, आणि आंतून केवळ "टक्, टक्" असा आवाज आला. दिवे लागत होते. परंतु किल्ली फिरवितांच ते मंद होत, आणि इंजिन जागचें हलत नसे.

मग घरांतील व शेजारचीं मिळून सात माणसें गाडीमागें लागलीं. थंडींत धोतर आवरीत आम्हीहि त्यांत होतों. चौथ्या धक्क्यास इंजिन घेरलें व गाडी निघाली. दादा वेळेवर पोंचले, उपचार झाले, व आज ते ओसरीवर बसून वर्तमानपत्र वाचीत आहेत, ही ईश्वरकृपा. परंतु त्या पंधरा मिनिटांत मागच्या आसनावर दादांचा हात धरून बसलेल्या वहिनींचा चेहरा आम्हीं पाहिला आहे, आणि तो विसरण्याजोगा नाहीं. कारण दोष आमचा होता. दिवाळीच्या सुमारास पुतण्यानें आम्हांस म्हटलें होतें, "काका, बॅटरी पांच वर्षांची झाली, बदलूं या." त्यावर आमचें उत्तर, "चालते आहे ना? मग संक्रांतीनंतर पाहूं." घराचा हिशेब आमच्या हातीं असतो. काटकसर हा सद्गुण खरा; पण कोणत्या वस्तूवर काटकसर करावी हें ज्यास कळत नाहीं, त्याच्या हातीं तो सद्गुण राहत नाहीं.

दादा घरीं आल्यावर रात्रीं जेवणें उरकून सर्वांची बैठक बसली. पुतण्याचें म्हणणें असें कीं, आतां सुपरकॅपॅसिटर नांवाची वस्तु मिळते, ती लावावी, म्हणजे पुन्हां धक्का देण्याचा प्रसंग येणार नाहीं. आमच्या धाकट्या बंधूंचें म्हणणें, शिशाची बॅटरी आतां जुनी झाली, सगळें जग लिथियमकडे चाललें आहे, तीच घ्यावी. दोघांनीं निकाल आमच्यावर सोंपविला. आमची धांव मॅट्रिकपर्यंतची, आणि जन्म गेला तो संस्कृत शिकविण्यांत. तेव्हां आम्ही गप्पच होतों. इतक्यांत आमच्या सूनबाई, ज्या पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाल्या आहेत, हळूच म्हणाल्या, "मामंजी, राग येणार नसेल तर एक विचारूं का? मुळांत बॅटरीच बिघडली आहे, हें कशावरून?"

या प्रश्नाचें उत्तर कोणापाशींच नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सूनबाईंनीं वीज मोजण्याचें लहान यंत्र, ज्यास मल्टिमीटर म्हणतात, तें घेऊन गाडीची परीक्षा केली. पुतण्या किल्ली फिरवीत असतां त्यांनीं यंत्राची एक तार बॅटरीच्या ऋण खुंटास व दुसरी इंजिनाच्या अंगास लावली. हीं दोन्हीं स्थळें जाड तारेनें जोडलेलीं असल्यामुळें त्यांत अंतर जवळजवळ शून्य दिसावयास हवें. यंत्रानें दीड व्होल्ट दाखविला! तारेचें टोंक गंजून सैल झालें होतें, व बॅटरीच्या खुंटावर पांढुरकें कीट चढलें होतें. म्हणजे बारा व्होल्टांपैकीं दीड व्होल्ट वाटेंतच खर्च होत होता. कीट कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा घालून धुतलें, तार घट्ट केली, खुंटांस व्हॅसलीन लावलें, आणि गाडी सुरू झाली. परंतु कष्टानें. इंजिन फिरत असतां बॅटरीचा दाब साडेआठ व्होल्टांपर्यंत खालीं येत होता. तो साडेनऊ-दहाच्या खालीं उतरूं नये. म्हणजे तारहि दोषी होती व बॅटरीहि थकलेली होती. नवीन वस्तूविषयीं वाद घालण्यापूर्वीं हें मोजणें अवश्य होतें, आणि तें आम्हां तिघां पुरुषांस सुचलें नव्हतें, एवढें येथें नमूद करतों.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. इंजिन सुरू करावयास वीज लागते ती किती?

डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. आंत घेतलेली हवा सोळा-अठरा पटींनीं दाबली जाते, त्या दाबानें ती तापते, आणि तींत सोडलेलें तेल आपोआप पेटतें. इंजिन मंद फिरलें तर दाबलेली हवा फटींतून निसटते, तिची उष्णता थंड लोखंडांत जाते, आणि तेल पेटत नाहीं. म्हणून पहिले दोनचार फेरे जोमानें व्हावे लागतात. तेवढ्यासाठीं जी विजेची मोटर असते, ती लहान डिझेल गाडींतहि दोनशें-तीनशें अँपिअर प्रवाह ओढते. माजघरांतील पंखा अर्धा अँपिअरहि घेत नाहीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याची कल्पना येईल. अशा वेळीं तारेच्या सांध्यांत ओहमच्या हजाराव्या भागाचे पांच भाग एवढा अडथळा असला, तरी दोनशें अँपिअर जातांना एक व्होल्ट गिळला जातो. आमच्या तारेनें केलें तें हेंच.

परंतु या प्रचंड प्रवाहाचें आयुष्य असतें केवढें? दोन सेकंद! दोनशें अँपिअर, दहा व्होल्ट व दोन सेकंद यांचा गुणाकार केला, तर चार हजार ज्यूल येतात. घरच्या वीजबिलांत ज्यास आपण एक युनिट म्हणतों, त्यांत छत्तीस लाख ज्यूल असतात. म्हणजे एका युनिटांत गाडी नऊशें वेळां सुरू व्हावी. याहून नवल असें कीं, मुलांच्या हातीं जो मोबाइल असतो, त्याच्या बॅटरींत सुमारें पन्नास हजार ज्यूल सांठविलेले असतात, म्हणजे जीप बारा-तेरा वेळां सुरू करण्याइतके. तरीहि मोबाइलच्या बॅटरीनें जीपचें चाक तसूभरहि हलणार नाहीं. तिच्यापाशीं सांठा आहे. तो एकदम देण्याची शक्ति नाहीं.

आमच्या भागांतील विहिरींचें उदाहरण घ्या. चैत्र-वैशाखांत झरा करंगळीएवढा होतो. त्यावर थेट पाट सोडला तर पाणी पहिल्या सरीच्या तोंडाशींच जिरतें. म्हणून शेतकरी हौद बांधतो. झरा रात्रभर हौदांत पडतो, आणि सकाळीं तोंड उघडलें कीं पाणी जोरानें शेवटच्या वाफ्यापर्यंत जातें. झऱ्याचें पाणी वाढलें नाहीं. तें एकत्र होऊन एकदम निघालें, एवढाच फरक. इंजिन सुरू करण्याच्या विजेचा सारा प्रश्न हा असा विहिरीचा व हौदाचा प्रश्न आहे.

शिशाची बॅटरी ही विहीर व हौद एकाच खड्ड्यांत करण्याचा प्रयत्न आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें ती १८५९ सालीं सिद्ध केली, आणि आज साडेसोळा दशकांनंतरहि बहुतेक गाड्या तिच्यावरच सुरू होतात. सौम्य गंधकाम्लांत शिशाच्या पट्ट्या बुडविलेलीं सहा घरें, प्रत्येक घराचे दोन व्होल्टांहून किंचित् अधिक, मिळून भरलेल्या स्थितींत १२.६ व्होल्ट. वीज देतांना पट्ट्यांवर शिशाचें सल्फेट बसतें. भरतांना तें विरघळून मूळ स्थिति येते. परंतु बॅटरी अर्धवट रिकामी अशी महिनोन् महिने पडून राहिली, तर या सल्फेटाचे कठीण स्फटिक बनतात व ते पुन्हां फुटत नाहींत. वर्षांतून दोनच हंगामांत चालणाऱ्या ट्रॅक्टरची बॅटरी लवकर मरते ती यामुळें. दुसरा शत्रु उष्णता. परदेशी पुस्तकांत बर्फाच्या थंडीची धास्ती घातलेली असते. पण आमच्याकडे बॅटरीस मारतो तो उन्हाळा. उष्णतामान दहा अंशांनीं वाढलें कीं तिचें आयुष्य सुमारें निम्म्यावर येतें, असा स्थूल नियम आहे. चाळिसांहून अधिक अंशांचें ऊन, त्यांत इंजिनाची धग! तिला दुखणें वैशाखांत जडतें, आणि उघडकीस येतें तें पौषांत, जेव्हां इंजिनांतील तेल दाट झालेलें असतें व बॅटरींतील क्रिया मंदावलेली असते. आमचा अनुभव याच क्रमाचा होता.

सुपरकॅपॅसिटर हा मात्र केवळ हौद आहे. कॅपॅसिटर ही वस्तु आपल्या घरांत नवी नाहीं. छतावरील प्रत्येक पंख्यांत एक असतो. त्याची धारकता दोन-अडीच मायक्रोफॅरड असते. मोठ्या सुपरकॅपॅसिटरची धारकता तीन हजार फॅरड, म्हणजे त्याच्या शंभर कोटींहून अधिक पट! हें साधलें तें कोळशानें. विशेष रीतीनें सच्छिद्र केलेल्या एका ग्रॅम कोळशांत, सर्व छिद्रांच्या भिंती मोजल्या, तर हजार ते दोन हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो. चिमूटभर पुडींत पाव ते अर्धा एकर जमीन म्हणा ना. या कोळशाचा लेप दिलेल्या दोन पट्ट्या विद्युत्‌वाहक द्रवांत ठेवल्या, कीं विजेचे कण त्या अफाट पृष्ठभागावर येऊन उभे राहतात. कोणताहि रासायनिक पदार्थ बनत नाहीं, मोडत नाहीं. पाहुणे ओसरीवरच उभे असले म्हणजे बोलावितांच निघतात. माजघरांत शिरून फराळास बसलेल्यांस बाहेर काढण्यास वेळ लागतो. यास्तव सुपरकॅपॅसिटर क्षणांत रिकामा होतो, क्षणांत भरतो, लाखों वेळां हें करूनहि फारसा झिजत नाहीं, आणि थंडीचीहि तो पर्वा करीत नाहीं. या मांडणीचें पहिलें पेटंट अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक या कंपनीस १९५७ सालीं मिळालें, जपानच्या एन्. ई. सी. कंपनीनें १९७८ पासून तो सुपरकॅपॅसिटर या नांवानें विकावयास काढला. सिग्नलापाशीं आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू होणाऱ्या मोटारींत फ्रान्सच्या प्यूजो-सिट्रोएन यांनीं २०१० पासून तो बसविला. आपल्या देशांत, इस्रोच्या साहाय्यानें, केरळांतील कण्णूर येथें केल्ट्रॉन या सरकारी संस्थेनें २०२४ सालीं त्याचा कारखाना सुरू केला.

परंतु हौदाचे दोष हौदास असणारच. त्याच्या एका घराचा दाब २.७ व्होल्टांच्या वर जाऊं देतां येत नाहीं. म्हणून गाडीसाठीं सहा घरें ओळीनें जोडावीं लागतात, व कोणतेंहि एक घर अधिक भरूं नये म्हणून समतोल राखणारी पट्टी लागते. सांठा अगदीं थोडा. तीन हजार फॅरडचीं सहा घरें चौदा व्होल्टांपासून दहापर्यंत उतरलीं, तर चोवीस हजार ज्यूल मिळतात, म्हणजे आमची जीप पांच-सहा वेळां सुरू होईल, अधिक नाहीं. बाजारांत स्वस्त मिळणाऱ्या साडेतीनशें फॅरडच्या घरांत एक वेळचीहि पुरती खात्री नाहीं. शिवाय शिशाच्या बॅटरीचा दाब बराच वेळ स्थिर राहतो, तसा याचा राहत नाहीं. जितकी वीज काढावी तितका तो उतरतो. निम्म्यावर आला म्हणजे सांठा निम्मा नव्हे, पाव उरला असें समजावें. आणि कांहीं दिवस उभा ठेवला तर तो आपला आपणच ओसरतो. तेव्हां बॅटरी काढून टाकून केवळ सुपरकॅपॅसिटर बसविला, तर रात्रीं दिवा जळत राहिलेली गाडी सकाळीं पुरती निर्जीव असेल.

लिथियमचा प्रकार याच्या उलट आहे. ती उत्तम विहीर आहे. जपानच्या सोनी कंपनीनें अशी बॅटरी १९९१ सालीं बाजारांत आणली, आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु लिथियम हें एका बॅटरीचें नांव नसून एका कुळाचें नांव आहे, आणि सोयरीक जुळवितांना आपण कुळाबरोबर घरहि पाहतों, तसेंच येथें पाहिलें पाहिजे. मोबाइलमध्यें किंवा लॅपटॉपमध्यें जी जात असते, तिचें एक घर ४.२ व्होल्टांस भरतें. तशीं तीन घरें जोडून कोणी "बारा व्होल्टांची बॅटरी" म्हणून गाडींत बसविलीं, तर गाडींतील वीज बनविणारें यंत्र चौदा व्होल्टांहून अधिक दाब देतें, म्हणजे प्रत्येक घरावर ४.७-४.८ व्होल्ट येतात. हें आगीस आमंत्रण आहे. संरक्षण करणारी पट्टी आंत असली तरी रोज तिच्याच भरंवशावर राहणें शहाणपणाचें नव्हे. आणि आमच्या वाड्यांत गाडी उभी राहते ती ओसरीच्या खालीं, जेथें उन्हाळ्यांत वर मुलें झोपतात.

दुसरी जात लोह-फॉस्फेटची. गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेंतून १९९७ सालीं जो लेख प्रसिद्ध झाला, त्यावर पाढी व नंजुंडस्वामी या दोन भारतीय नांवांचीहि सही आहे, हें वाचकांस कळून समाधान वाटेल. ही जात पुष्कळ शांत प्रकृतीची. सहसा पेट घेत नाहीं. चार घरें जोडलीं कीं १२.८ व्होल्ट होतात, व भरण्याचा दाब गाडीच्या दाबाशीं बरोबर जुळतो. वजन शिशाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. तरी हींतहि एक मेख आहे. घरांतील इन्व्हर्टरसाठीं किंवा सौर दिव्यांसाठीं केलेल्या अशा बॅटरींत जी रक्षक पट्टी असते, ती पन्नास किंवा शंभर अँपिअरांच्या वर प्रवाह गेला कीं दार लावून घेते. गाडीची किल्ली फिरवावी आणि सर्व दिवेच विझावे, असा अनुभव त्यामुळें येतो. चालत्या गाडींत तें दार अकस्मात् लागलें, तर वीज बनविणाऱ्या यंत्राचा दाब उसळून गाडींतील नाजूक भाग जळूं शकतात. इंजिन सुरू करण्यासाठीं म्हणूनच बनविलेली लोह-फॉस्फेटची बॅटरी मिळते. घ्यावयाची तर तीच. आणि तीहि इंजिनाच्या धगीपासून दूर बसवावी, कारण उष्णता तिलाहि मानवत नाहीं.

आतां पुतण्याचा हौद व धाकट्या बंधूंची विहीर यांचें भांडण कां असावें? जाणते लोक या दोहोंस जोडतात. लहानशी लोह-फॉस्फेटची बॅटरी मंदपणें वीज देत राहते, सुपरकॅपॅसिटर ती आपल्यांत भरून घेतो, आणि किल्ली फिरवितांच तो भार आपल्या अंगावर घेतो. बॅटरीकडून थोडथोडके दोन अँपिअर जरी मिळत असले, तरी दहा व्होल्टांवर आलेले ते मोठे सहा कॅपॅसिटर सुमारें अर्ध्या घटिकेंत, म्हणजे बारा-तेरा मिनिटांत, पुन्हां तेरावर येतात. त्यांत बॅटरीवर जुलूम होत नाहीं, म्हणून तिचेंहि आयुष्य वाढतें. एकानें सांठवावें, दुसऱ्यानें द्यावें. एकत्र कुटुंबांत ही व्यवस्था कोणास नवीन वाटूं नये.

हें सर्व आम्हांस कागदावर समजलें. मनास पटलें तें मात्र विहिरीवर. दादांस थोडें बरें वाटूं लागल्यावर आम्ही सर्व मळ्यांत गेलों होतों. तेथें वडिलांनीं १९६८ सालीं बसविलेलें तेलाचें इंजिन आहे; विजेचा पंप आल्यापासून तें झांकून ठेवलेलें असतें. किर्लोस्कर ऑइल एंजिन्स हा कारखाना १९४६ सालीं पुण्यास निघाला, व त्यानंतरच्या काळांत असलीं इंजिनें महाराष्ट्राच्या विहिरी-विहिरींवर पोंचलीं. त्यांस बॅटरी नसे. पुतण्यानें विचारलें, "दादा, मग तुम्ही हें सुरू कसें करीत होतां?" दादा हंसले, आणि बांकावरूनच त्यांनीं सांगितलें, "तो बारका दांडा उचल. त्यानें झडप उघडी राहते, हवा दाबली जात नाहीं. आतां हँडल फिरव. हलकें लागतें ना? फिरवीत राहा, जड चाक वेग धरूं दे. मग दांडा खालीं पाड!" पुतण्यानें दहा-बारा फेरे दिले, दांडा पाडला, चाकानें आपल्या वेगानें इंजिनाचा दाब फोडला, आणि इतक्या वर्षांनीं तें इंजिन एकदां धडधडून थांबलें. टांकींत तेल नसल्यामुळें तें पुढें चालणारच नव्हतें.

तर्कसंग्रह शिकवितांना आम्ही संस्काराचे वेग, भावना व स्थितिस्थापक असे तीन प्रकार सांगत आलों. वेग हा पदार्थांत राहणारा गुण, हें विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतलें. परंतु तो सांठविण्याचीहि वस्तु आहे, हें त्या लोखंडी चाकापाशीं उभे राहून आम्हांस प्रथम दिसलें. माणसाच्या दंडाला एका झटक्यांत तो दाब फोडतां येत नाहीं. तो दहा फेऱ्यांत थोडें थोडें बळ चाकास देतो, आणि चाक तें सारें एका क्षणांत परत करतें. सुपरकॅपॅसिटर म्हणजे विजेचें तेंच जड चाक!

दादांनीं आपला उजवा हात पुढें केला. मनगट किंचित् वांकडें आहे. आम्हीं तें लहानपणापासून पाहत आलों. विशीत असतां त्यांनीं अंगठा हँडलाभोंवतीं वळवून धरला होता, दांडा वेळेपूर्वीं पडला, हँडल उलटें फिरलें, आणि हाड मोडलें. अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावयाचा, हा नियम ते त्या दिवशीं विसरले. जुन्या मोटारींसहि असेंच हँडल असे, व कित्येकांचे हात त्यानें मोडले. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन कारागिरानें विजेनें इंजिन फिरविण्याची युक्ति काढली, व १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत ती प्रथम बसविली गेली. तेव्हांपासून माणसाच्या दंडाचें काम बॅटरीकडे आलें. दादा म्हणाले, "माझा हात मोडला, तेव्हां तो सर्वांस दिसला. तुमची बॅटरी मोडली ती कोणास दिसली नाहीं, एवढाच फरक." त्यांनीं कोणाकडे पाहिलें नाहीं, पण बोलणें कोणास होतें, हें आम्हांस समजलें.

शेवटीं आमच्या घरीं झालेला निर्णय असा. रोज चालणाऱ्या जीपला योग्य मापाची नवीन शिशाचीच बॅटरी घेतली, कारण रोज भरणाऱ्या गाडीस ती पुरते, दुरुस्तीची सोय सिल्लोडांतच आहे, आणि धग ती इतरांपेक्षां बरी सोसते. पुतण्याची सुपरकॅपॅसिटरची पेटीहि घेतली, पण गाडीबाहेर ठेवण्याची. ही पेटी थकलेल्या बॅटरींतील उरलीसुरली वीज कांहीं मिनिटांत ओढून आपल्यांत भरते, तिचा दाब वाढविते, आणि मग इंजिन सुरू करते. लिथियमची तशीच पेटी मिळते. परंतु उन्हांत उभ्या केलेल्या बंद गाडींत साठ अंशांपर्यंत उष्णता होते, तेथें ती ठेवणें आम्हांस पसंत पडलें नाहीं. ट्रॅक्टरसाठीं मात्र, तो महिनोन् महिने उभा राहत असल्यामुळें, धाकट्या बंधूंची लोह-फॉस्फेटची बॅटरी येत्या हंगामांत घेण्याचें ठरलें आहे. ती पडून राहिल्यानें लवकर बिघडत नाहीं.

ज्या घरीं गाडी आहे, त्यांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीचा दाब महिन्यांतून एकदां मोजावा, १२.४ व्होल्टांहून कमी असेल तर ती भरून घ्यावी, आणि भरूनहि पुन्हां उतरत असेल तर ती वृद्ध झाली असें समजावें. दुसरी, नवी वस्तु घेण्यापूर्वीं खुंट धुवावे व तारा घट्ट कराव्या. पुष्कळ बॅटऱ्या निरपराध असतां फेंकल्या जातात. तिसरी, रिकामा सुपरकॅपॅसिटर बॅटरीस एकदम जोडूं नये, ठिणगी उडून तोंड भाजेल. मध्यें मोटारीच्या दिव्याचा बल्ब जोडावा, तो प्रथम झगझगतो, व विझत आला म्हणजे दोघांचा दाब समान झाला असें समजून तार पक्की करावी. धन व ऋण यांची अदलाबदल तर स्वप्नांतहि होऊं देऊं नये. चौथी, ज्या बॅटरीचें एक घर मेलें आहे तिला कोणताहि कॅपॅसिटर सहज जोडून तारूं शकत नाहीं. हौद विहिरीच्या पातळीपेक्षां आपण होऊन वर भरत नाहीं.

आणि एक पांचवी गोष्ट, जी यंत्रांविषयीं नाहीं. घरांतील तरुण मंडळी "ही वस्तु थकली आहे" असें सांगूं लागली, म्हणजे हिशेबाची वही मिटून तें ऐकावें. नवीन बॅटरी आणल्यावर आम्हीं वहींत तिची किंमत लिहिली, आणि शेजारीं दिवाळीची तारीख लिहून ठेवली. वहिनींनीं ती पाहिली, व कांहीं न बोलतां वही मिटली.

पुढील अंकीं घरांतील इन्व्हर्टर व त्याची निगा यांविषयीं लिहिण्याचा विचार आहे.